नवा कॅमेरा आणि जुनी अमानत

मे महिना म्हणजे आमच्या कोकणात लग्नांचा महिना. कुवेत, कतार, दुबईकडची माणसे सुट्टीवर आलेली असतात, शाळा बंद असतात आणि एकाच दिवशी तीन-तीन घरची आमंत्रणे येऊन पडतात. आमच्या घरात मात्र हा कमाईचा महिना. आमचा धाकटा भाऊ आणि त्याची पत्नी दोघेही फोटोग्राफर आहेत. लग्नाला बारा वर्षे झाली तरी घरात तिला सगळे अजून ‘दुल्हन’च म्हणतात. मर्दान्याचे फोटो तो काढतो, जनान्याचे ती. चिपळूण आणि आसपासच्या गावांत पडदा पाळणारी घरे त्यांना बोलावतात, ती मुख्यतः तिच्यामुळे.

गेल्या मे महिन्यात एका लग्नात धाकट्याचा कॅमेरा ऐन रुखसतीच्या आधी बंद पडला. शटर अडकले आणि पडद्यावर चुकीची खूण येऊ लागली. बॅटरी काढून घातली, लेन्स बदलली, काही उपयोग झाला नाही. मंडपात माणसे खोळंबली होती. शेवटी त्याने जनान्यात निरोप पाठवून दुल्हनकडचा कॅमेरा मागवून घेतला. मर्दान्यातले फोटो निभावले. पण त्याच वेळी आत मुलगी आईच्या गळ्यात पडून निरोप घेत होती, आणि दुल्हन रिकाम्या हातांनी उभी होती. त्या क्षणाचा एकही फोटो त्या घराकडे नाही.

मुलीच्या आईने पैशांबद्दल चकार शब्द काढला नाही. नुसती म्हणाली, “आमच्याच बाजूचे राहिले ना?” हा प्रश्न दोघांनाही लागला. नवा कॅमेरा घ्यायचा, हे त्या रात्रीच ठरले. कोणता घ्यायचा, कोणासाठी आणि कोणत्या पैशांनी, हे ठरायला मात्र चार महिने लागले. ते चार महिने आमच्या घराला बरेच काही शिकवून गेले. छोटा व्यवसाय करणारी आपली अनेक घरे अशा वळणावर येतात, म्हणून ते इथे लिहीत आहोत.

आरसा असलेला आणि आरसा नसलेला

धाकट्याकडे निकॉनचा डी ७५० होता. हा कॅमेरा २०१४ मध्ये बाजारात आला. दुल्हनकडे डी ७२०० होता, तो २०१५ चा. दोन्ही डीएसएलआर. शाळेत मुले पुठ्ठा आणि दोन आरसे घेऊन पेरिस्कोप करतात, तो आठवला तर डीएसएलआर समजायला सोपा जातो. लेन्समधून आत आलेला प्रकाश तिरक्या आरशावर आपटून वर जातो, तिथल्या काचेच्या लोलकातून वळतो आणि फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबले की आरसा झटक्यात वर उचलला जातो, मागचे शटर उघडते आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. आपण ऐकतो तो ‘खटॅक’ आवाज बराचसा त्या आरशाचा.

मिररलेसमध्ये हा आरसाच नसतो. प्रकाश सरळ सेन्सरवर पडत राहतो आणि सेन्सरला जे दिसते तेच डोळ्याजवळच्या छोट्या पडद्यावर दिसते. याचा फायदा असा की फोटो उजळ येणार की काळा, हे बटण दाबण्याआधीच कळते. काळी शेरवानी आणि पांढरीशुभ्र ओढणी शेजारी शेजारी असताना हे किती उपयोगाचे आहे, ते लग्नात फोटो काढणाऱ्यालाच ठाऊक. दुसरे म्हणजे माणसाचा डोळा ओळखून फोकस त्यावर धरून ठेवण्याचे काम हा कॅमेरा स्वतः करतो. डी ७५० मध्ये फोकसचे ५१ बिंदू आहेत आणि ते चौकटीच्या मध्यभागी दाटीने बसलेले आहेत. आम्ही पाहत होतो त्या झेड ६ टू या मिररलेसमध्ये असे २७३ बिंदू जवळजवळ पूर्ण चौकटीवर पसरलेले आहेत. नवरी चौकटीच्या कडेला बसलेली असली तरी तिच्या डोळ्यावर फोकस धरता येतो.

ही काही कालची नवलाई नाही. पहिला मिररलेस पॅनासोनिकने २००८ मध्ये आणला. सोनीने २०१३ मध्ये मोठ्या, म्हणजे फुल फ्रेम सेन्सरचा ए ७ काढला. निकॉन आणि कॅनन यांनी २०१८ मध्ये आपापले फुल फ्रेम मिररलेस आणले, आणि २०२० नंतर या दोघांनी नवा डीएसएलआर काढलेला नाही. म्हणून धाकट्याचे म्हणणे होते की आज ना उद्या जायचेच आहे, तर आत्ताच जाऊ. त्यात आणखी एक गोष्ट होती. अलीकडे लग्नाची बोलणी करताना नवऱ्या मुलाचे मित्र पहिला प्रश्न विचारतात, “कॅमेरा कोणता आहे?” जुन्या कॅमेऱ्याचे नाव सांगताना त्याला संकोच वाटू लागला होता.

अब्बांचे दोन रकाने

आमचे अब्बा एसटीत कंडक्टर होते. हिशेब कागदावर उतरल्याशिवाय त्यांना पटत नाही. त्यांनी वहीचे पान घेतले, मधोमध रेघ मारली, एका बाजूला धाकट्याचे नाव लिहिले, दुसऱ्या बाजूला दुल्हनचे. म्हणाले, “कॅमेऱ्याचं नाव नंतर. कोणाचं काम कुठं अडतं ते आधी सांगा.”

धाकट्याच्या रकान्यात दोन गोष्टी आल्या. शटर बिघडले आहे, आणि मशिदीत निकाहाचा खुत्बा चालू असताना कॅमेऱ्याचा आवाज होतो. पहिली अडचण दुरुस्तीने सुटणारी होती. डी ७५० चे शटर दीड लाख वेळा उघडझाप करील अशी चाचणी कंपनीने घेतलेली असते. आमच्या कॅमेऱ्याने दोन लाखांचा आकडा ओलांडला होता, म्हणजे त्याने आपले काम चोख केले होते. नवे शटर बसवण्याचा खर्च नव्या कॅमेऱ्याच्या मानाने अगदी थोडा होता. दुसऱ्या अडचणीवर तो खुत्ब्याच्या वेळी थांबून, इजाब-कबूलच्या वेळी मोजकेच फोटो काढून इतकी वर्षे मार्ग काढत आला होता.

दुल्हनचा रकाना पानभर भरला. मर्दाना अंगणात, मोकळ्या उजेडात असतो. जनाना बहुतेक वेळा घरातल्या आतल्या खोलीत, एका ट्यूबलाइटखाली. फ्लॅश सारखा चमकला की वयस्कर बायका तोंड फिरवतात आणि कडेवरची बाळे रडू लागतात. डी ७२०० चा सेन्सर आकाराने लहान, त्यामुळे कमी उजेडात फोटोवर दाणे दिसतात. खोली अरुंद, मागे सरकायला जागा नाही. हात थोडा हलला की फोटो हलतो. त्यात हळद, मेंदी, निकाह, वलिमा या सगळ्या कार्यक्रमांत जनान्याचे तास मर्दान्यापेक्षा जास्त. आणि इतक्या वर्षांत नेहमी काय होत आले? चांगला कॅमेरा धाकट्याकडे, मागे राहिलेला तिच्याकडे.

पान भरल्यावर कोणी काही बोलले नाही. धाकट्यानेच वही पुढे ओढली आणि म्हणाला, “नवा हिलाच पाहिजे.” त्याला ते सोपे गेले नसणार. ‘कॅमेरा कोणता?’ या प्रश्नाला तो अजूनही डी ७५० हेच उत्तर देतो.

अम्मीचा प्रश्न मुळातलाच होता. इतका पैसा फोटोंवर घालावा का? फोटोबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे आम्हाला माहीत आहे. कोणी डिजिटल चित्राला आरशातल्या प्रतिबिंबासारखे मानतात, कोणी गरजेपुरती मुभा देतात, कोणी तीही देत नाहीत. आम्ही फतवा देणारे नाही. आमच्या घराने या व्यवसायासाठी स्वतःला काही मर्यादा घालून घेतल्या आहेत आणि अम्मी त्यांची राखणदार आहे. तिने एकच अट घातली. काम वाढले तरी त्या मर्यादा सैल होता कामा नयेत.

किंमत कॅमेऱ्याची, खर्च सगळ्याचा

नवा कॅमेरा घेणारे बरेच जण इथे फसतात. दुकानात किंमत सांगितली जाते ती नुसत्या कॅमेऱ्याची. आम्ही झेड ६ टू पसंत केला, त्याला मुख्य कारण घरात असलेल्या निकॉनच्या लेन्स. त्यानंतरचे नवे मॉडेल २०२४ मध्ये आल्यामुळे याची किंमतही उतरली होती. तरी नुसता कॅमेरा दीड लाखाला पडला.

पुढची यादी अशी. जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्याला सरळ बसत नाहीत, कारण निकॉनने १९५९ पासून चालत आलेले तोंड मिररलेससाठी बदलले. त्यासाठी अ‍ॅडॉप्टर लागतो. अ‍ॅडॉप्टर लावला तरी सगळ्या लेन्स पूर्ण काम करीत नाहीत. ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे त्या फोकस करतात. जुन्या ‘डी’ प्रकारच्या लेन्सना फोकससाठी कॅमेऱ्यातली मोटर लागते, ती या कॅमेऱ्यात आणि अ‍ॅडॉप्टरमध्ये नाही. दुल्हनची आवडती ८५ एमएमची लेन्स नेमकी ‘डी’ निघाली. तिने ती मुकाट्याने धाकट्याच्या पिशवीत ठेवली, कारण त्याच्या डी ७५० वर ती अजून छान चालते.

मेमरी कार्डाचेही तसेच. नव्या कॅमेऱ्यात एक खाच नेहमीच्या एसडी कार्डाची आहे, दुसरी सीएफएक्स्प्रेस या महागड्या कार्डाची. लग्नाच्या कामात दोन्ही खाचांत कार्ड हवेच, कारण एक बिघडले तर दुसऱ्यावर प्रत राहते. मग ते कार्ड आणि ते वाचणारा रीडरही घ्यावा लागला. शेवटची बाब बॅटरीची. डी ७५० ची बॅटरी प्रमाणित चाचणीत १,२३० फोटो देते. झेड ६ टू ची व्ह्यूफाइंडर वापरून ३४०. प्रत्यक्षात दोन्ही जास्त देतात, पण फरक राहतोच, कारण मिररलेसचा पडदा आणि सेन्सर सतत जागे असतात. म्हणून दोन जादा बॅटऱ्या घेतल्या.

अब्बांच्या वहीतला हिशेब असा झाला: कॅमेरा १,५०,०००, अ‍ॅडॉप्टर २०,०००, कार्ड आणि रीडर १२,०००, दोन बॅटऱ्या १०,०००. एकूण १,९२,०००. डी ७५० चे शटर बसवण्याचा खर्च वेगळा.

आखातातल्या भाच्याने तिकडून स्वस्तात आणून देतो म्हणून सांगितले. प्रेमाने सांगितले, पण आम्ही नको म्हटले. बाहेरून आणलेल्या कॅमेऱ्याला इथली वॉरंटी मिळेल याची खात्री नसते, मर्यादेपलीकडच्या सामानावर कस्टम ड्यूटी लागते, आणि ती चुकवायची म्हणजे खोटे बोलणे आले. इथे १८ टक्के जीएसटी भरून पक्के बिल घेतले. ज्या कॅमेऱ्यावर घर चालणार, तो चोरवाटेने घरात येऊ नये.

हप्ता, सूद आणि भिशी

दुकानात मांडलेला सगळ्यात सोपा रस्ता होता ‘नो कॉस्ट ईएमआय’. दुकानदार सांगत होता, “व्याज शून्य आहे.” धाकट्यालाही ते पटले होते. शून्य आहे तर सूद कुठला?

कागद वाचायला घेतल्यावर चित्र वेगळे दिसले. रोख घेणाऱ्याला जी सवलत होती, ती हप्त्यावाल्याला नव्हती. बँकेच्या तक्त्यात व्याज वेगळे दाखवले होते आणि तेवढीच रक्कम ‘सवलत’ म्हणून किमतीतून वजा केली होती. त्या व्याजावर जीएसटी होता आणि प्रक्रिया शुल्क निराळे. भारतीय रिझर्व्ह बँकेनेसुद्धा २०१३ मध्ये बँकांच्या शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर आक्षेप घेतला होता. व्याज अशा योजनांत प्रक्रिया शुल्काच्या आड लपवले जाते, हेच त्यामागचे कारण होते. आम्ही मौलानांना कागद दाखवला. त्यांनी शांतपणे वाचला आणि विचारले, “दुसरा काही मार्ग आहे का? असेल तर या वाटेला कशाला जाता?”

मार्ग होता, पण त्याला वेळ लागणार होता. आणि थांबणे सोपे नव्हते. २०२० आणि २०२१ मध्ये टाळेबंदीने लग्ने बंद पाडली. त्यातून डोके वर काढतो न काढतो तोच २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, त्यात धाकट्याचे दुकानही गेले. प्रिंटर, संगणक, अल्बमचे सामान सगळे चिखलात. कॅमेरे घरी होते म्हणून वाचले. अशा माणसाला ‘आणखी थोडा थांब’ म्हणणे जिवावर येते. तरी तो थांबला.

चार महिन्यांत पैसे असे उभे राहिले. हंगामाची बचत ७५,०००. दुल्हन दहा बायकांच्या भिशीत आहे. महिना पाच हजार, चिठ्ठी निघेल तिला पुरते ५०,०००, कोणाकडून बोली नाही की कपात नाही. सप्टेंबरची चिठ्ठी जिच्या नावाने निघाली, तिने दुल्हनची गरज ऐकून स्वतःची पाळी तिला दिली. जुन्या डी ७२०० चे २५,००० आले. उरलेले ४२,००० कुवेतच्या चुलतभावाने कर्जे-हसना म्हणून दिले.

भाऊच तो, लिहायचे कशाला, असे त्याने म्हटले. पण सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची शिकवण आहे, आणि ती परक्यांपुरती नाही. अब्बांनी कागद केला: दरमहा सहा हजार, सात महिने, दोन साक्षीदार. लिहिल्याने नाते कोरडे होत नाही. उलट लग्नकार्यात समोरासमोर आल्यावर कोणाची नजर खाली जात नाही.

जकातीबद्दलही विचारून घेतले. कारागिराच्या अवजारांप्रमाणे वापरातल्या कॅमेऱ्यावर जकात नाही. मात्र कॅमेऱ्यासाठी साठवलेले पैसे निसाबाइतके असतील आणि जकातीची तारीख आली तेव्हा हातात असतील, तर ते हिशेबात धरावे लागतात. ‘हे तर खरेदीसाठी बाजूला ठेवलेत’ ही सबब चालत नाही.

जुना कॅमेरा विकताना

डी ७२०० घ्यायला शेजारच्या तालुक्यातला एक तरुण आला. नुकताच फोटोग्राफी शिकलेला, पहिलाच कॅमेरा घेणारा. त्याने हातात घेतला, दोन फोटो काढले आणि पैसे काढू लागला. दुल्हनने त्याला थांबवले. कॅमेऱ्याने किती फोटो काढले, ते फोटोच्या फाइलमध्ये नोंदलेले असते. तिने तो आकडा संगणकावर उघडून दाखवला: १,१२,०००. मग लेन्स उजेडासमोर धरून आतली बुरशी दाखवली. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात कॅमेरा बंद पिशवीत राहिला की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती साध्या फोटोत दिसत नाही, पण उजेड समोरून आला की फोटो धुरकट होतो. त्या तरुणाला यातले काहीच माहीत नव्हते. किंमत तीन हजारांनी उतरली. ते तीन हजार आम्हाला हवे होते, हे खरे. पण दोष झाकून विकलेल्या मालाच्या पैशांतून घेतलेल्या कॅमेऱ्याने आम्ही कोणाच्या निकाहाचे फोटो काढणार होतो?

कार्ड मात्र तिने दिली नाहीत. तो मागत होता, जादा पैसे द्यायलाही तयार होता. पण कार्ड फॉरमॅट केले म्हणजे फोटो कायमचे गेले, असे नसते. त्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत ते साध्या सॉफ्टवेअरने परत मिळू शकतात. त्या कार्डांवर दहा वर्षांतल्या कितीतरी घरच्या लेकी-सुना होत्या. तिने कार्ड मोडून टाकली.

जी चूक आमच्याकडून झाली

इतकी काळजी घेऊनही चूक झालीच, आणि ती नव्या कॅमेऱ्यानेच झाली. खरे तर कॅमेऱ्याने नाही, आमच्या घाईने.

कॅमेरा घरी आला त्या संध्याकाळी धाकट्याने हौसेने तो आपल्या मोबाइलशी जोडून पाहिला. अशा कॅमेऱ्यात फोटो काढला की त्याची लहान प्रत ब्लूटूथवरून आपोआप मोबाइलवर जाण्याची सोय असते. ती सुरूच राहिली आणि दोघेही विसरले.

पहिलेच काम एका वलिम्याचे. जनाना आणि मर्दाना यांच्यामध्ये फक्त कापडी कनात. जेवणे चालू असताना धाकट्याचा मोबाइल खिशात सारखा थरथरू लागला. त्याने काढून पाहिले, तर पडद्यावर आतल्या बायकांचे फोटो एकामागून एक उतरत होते. त्याने मोबाइल तिथेच उलटा केला, ब्लूटूथ बंद करायलाही पडद्याकडे पाहिले नाही, आणि एका लहान मुलीच्या हाती तो दुल्हनकडे पाठवला. दुल्हनने जोडणी तोडली, आलेले फोटो पुसले, कचरापेटीतूनही पुसले, आणि इंटरनेटवर त्यांची प्रत गेली नाही याची खात्री केली.

इथपर्यंत कोणालाच काही कळलेले नव्हते. धाकटा म्हणाला, “पुसले ना सगळे? मग झालं.” दुल्हन म्हणाली, “आपल्यापुरतं झालं. फोटो त्यांचे आहेत.” तिने नवरीच्या सासूला बाजूला बोलावून घडले ते सगळे सांगितले आणि माफी मागितली.

त्या बाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी मोबाइल मागून घेतला, स्वतः उघडून पाहिला, आपल्या मुलीलाही दाखवला. रागावल्या, आणि रागावणे रास्तच होते. उरलेल्या कार्यक्रमाचे फोटो नकोत म्हणाल्या. दुल्हनने कॅमेरा पिशवीत ठेवला. त्या दिवसाच्या कामाचे पैसे आम्ही घेतले नाहीत. काढलेले फोटो त्यांच्यासमोर पेन ड्राइव्हवर उतरवून दिले आणि कार्ड तिथेच रिकामे केले.

त्या घराने पुन्हा बोलावले का? अजून नाही. न बोलावण्याचा त्यांना हक्क आहे.

त्या रात्री आमच्या घरात नियम लिहिले गेले आणि ते आता बोलणी करतानाच समोर ठेवले जातात. जनान्याच्या कॅमेऱ्याचे वायफाय आणि ब्लूटूथ कायम बंद. कोणताही मोबाइल त्याला जोडायचा नाही. फोटो दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहिले जातील, कार्ड दुल्हनकडेच राहतील. जनान्याचे फोटो तीच पाहील, तीच सुधारील, तिची हार्ड डिस्क वेगळी आणि परवलीच्या शब्दाने बंद. अल्बम आणि पेन ड्राइव्ह घरातल्या बाईच्याच हातात. फोटो पोचल्यावर ठरलेल्या मुदतीने आमच्याकडची प्रत पुसली जाईल, ती तारीख पावतीवर. आणि जनान्याचा एकही फोटो दुकानात, नमुन्याच्या अल्बममध्ये किंवा इन्स्टाग्रामवर जाणार नाही.

हंगामाआधी घरात चाचणी

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती बऱ्याच जणांना उशिरा कळते. मिररलेसमध्ये अजिबात आवाज न करता फोटो काढण्याची सोय असते. धाकटा तिच्यावरच भाळला होता. खुत्ब्याच्या वेळी यापेक्षा चांगले काय? घरातल्या एका अकीक्याला करून पाहिले, तर एलईडी दिव्याखालच्या फोटोंवर आडवे काळे पट्टे. कारण असे की आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते जाणवत नाही. पण आवाज न करता फोटो काढताना अशा कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, आणि काही ओळी प्रखर उजेडात तर काही मंद उजेडात वाचल्या जातात. उपाय सोपा आहे. अशा दिव्यांखाली नेहमीचे शटर वापरायचे आणि वेग सेकंदाचा शंभरावा किंवा पन्नासावा भाग ठेवायचा. आरसा नसल्याने आवाज तरीही जुन्या कॅमेऱ्यापेक्षा कमीच होतो. निकाहाच्या दिवशी हे कळले असते, तर पुन्हा कोणाचा तरी क्षण गेला असता.

नव्या यंत्रावर हात बसायला वेळ लागतो. म्हणून बदल करायचा तर तो पावसाळ्यात किंवा रमजानमध्ये, कामे कमी असताना करावा, आणि पहिले दोन-तीन कार्यक्रम जुना कॅमेरा सोबत ठेवावा.

आता पाच महिने झाले आहेत. चुलतभावाचे चार हप्ते फिटले, तीन राहिले आहेत. धाकट्याच्या डी ७५० ला नवे शटर बसले आहे आणि तो खटॅक खटॅक करीत मर्दाना सांभाळतो आहे. परवा एका घरी मुलीची रुखसती होती. आतल्या खोलीत एकच दिवा होता. फ्लॅश न लावता दुल्हनने आई-मुलीच्या निरोपाचे फोटो काढले. कसे आले, हे आम्ही सांगू शकत नाही. आम्ही ते पाहिलेले नाहीत, आणि पाहणारही नाही. मुलीच्या आईने अल्बम उघडला आणि तो किती तरी वेळ छातीशी धरून ठेवला, एवढेच दुल्हनने घरी येऊन सांगितले.

कॅमेरा जुना होईल, उद्या याहून चांगला येईल. लोक आपल्या घराचा पडदा बाजूला करून आपल्याला आत घेतात, तो विश्वास पुन्हा विकत मिळत नाही. अल्लाह आपल्या सर्वांना कमाईत हलालची आणि कामात अमानतीची जाण देवो. आमीन.